बिनतारी वाटा आणि समन्याय



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी हयातभर शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याची चिंता वाहिली. म्हणूनच आज मी बिनतारी संदेशवहन हा विषय निवडला आहे. भाषेच्या अध्यापकाने या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. परंतु कोणाचा निरोप आधी पोहोचवावा आणि कोणाचा थांबवावा, हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. तो न्यायाचाही आहे.

बिनतारी जाळ्यात निरोपाचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो आणि टप्प्याटप्प्याने तो मुक्कामी पोहोचतो. त्याची वाट ठरविणे म्हणजे मार्गनिश्चिती. कमीत कमी टप्प्यांची वाट येथे नेहमीच उत्तम ठरत नाही. टप्पा लांबला की लहरी क्षीण होतात, तुकडे गहाळ होतात आणि ते पुन्हा पाठवावे लागतात. एखादा टप्पा अधिक घेणारी, पण खात्रीची वाट पुष्कळदा लवकर पोहोचविते.

सेवेची गुणवत्ताही सर्वांना एकाच मापाने मोजता येत नाही. पत्र थोडे उशिरा आले तरी चालते, पण त्यातील अक्षर गळून चालत नाही. संभाषणाचे याच्या उलट आहे. एखादा ध्वनी हरवला तरी कान तो भरून काढतो; पण आवाज पलीकडे पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांहून फार अधिक वेळ लागला, तर बोलणे अडखळू लागते.

खरी कसोटी लागते ती मनोऱ्यापाशी. तेवढ्याच क्षणात जवळच्या ग्राहकाला पुष्कळ माहिती देता येते, दूरच्याला थोडी. एकूण बेरीज वाढविणे एवढेच ध्येय ठेवले, तर मनोरा सदैव जवळच्यालाच वाढील आणि दूरचा उपाशी राहील. यावर अभियंत्यांनी तोड काढली. प्रत्येकाला या क्षणी किती देता येईल, त्यास आजवर त्याला सरासरीने किती मिळाले याने भागावे. ज्याचे गुणोत्तर मोठे, त्याची पाळी. बेरीज काहीशी घटते, पण पंगतीतून कोणी उपाशी उठत नाही.

मनोराच जेथे पोहोचत नाही, तेथे काय करावे? मुंबईच्या आयआयटीतील प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने त्याचे उत्तर पालघर परिसरात शोधले. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील १५ पैकी किमान १२ वाहिन्या देशाच्या बहुतेक भागांत रिकाम्या आहेत, असे या गटाच्या २०१४ सालच्या अभ्यासात आढळले. या लहरी वाय-फायच्या लहरींपेक्षा झाडीतून अधिक चांगल्या जातात. त्यांच्या आधारे खामलोलीसारख्या खेड्यांपर्यंत इंटरनेट नेण्याचा प्रयोग झाला. 'ग्राम मार्ग' या नावाने चाललेल्या या कार्याचा २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत गौरव झाला.

श्रोतेहो, यंत्र स्वतः न्यायी नसते आणि अन्यायीही नसते. ते आपण दिलेले सूत्र पाळते. आपल्यापैकी जे अभियंते झाले आहेत, त्यांनी सूत्र लिहिताना एकदा झाबुआच्या फळियांकडे पाहावे. तेथील मुलाची पाळी कधी येणार, हे त्या एका ओळीत ठरत असते.