नटांनी काढलेली बोलपट कंपनी



माधवनगराहून सांगली हाकेच्या अंतरावर. त्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, हे गुरुजी मुलांना सांगतातच. पण तिथेच नटांनी बोलपट कंपनीही काढली होती, हे किती जणांना ठाऊक आहे?

१९१८ साली मास्टर दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मध्ये दीनानाथ लतिका होत आणि चिंतामणराव घनश्याम. पुढे १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि प्रेक्षक तिकडे वळू लागला. तेव्हा या मंडळींनी बळवंत पिक्चर्स काढली. १९३४ साली त्यांचा ‘कृष्णार्जुन युद्ध’ पडद्यावर आला. दिग्दर्शनात विश्राम बेडेकर होते.

पण हा धंदा त्यांना झेपला नाही. का बरे? असे पाहा, नाटक म्हणजे दुभती म्हैस. रात्री प्रयोग, सकाळी हिशेब. एक खेळ पडला तर दुसरा सावरतो. बोलपट म्हणजे आडसाली ऊस. बेणे, खत, पाणी, मजुरी सगळे आधी घाला, पैसा दिसायचा तो तोडणी झाल्यावर. मध्येच पाणी आटले, तर घातलेलेही गेले!

आता कोल्हापुरात १९२९ साली निघालेली ‘प्रभात’ बघा. तिथे दामले ध्वनी सांभाळीत, फत्तेलाल देखावे, धायबर कॅमेरा, शांताराम दिग्दर्शन. पैशाला सीतारामपंत कुलकर्णी. म्हणजे एकेक काम एकेका मालकाच्या हातात. बळवंतच्या मालकांची मोठी पुंजी म्हणजे गळा आणि अभिनय. बाकीचे बरेचसे उसने!

कंपनी बुडाली, मंडळीही मोडली. १९४२ च्या एप्रिलात दीनानाथ गेले, तेव्हा त्यांची थोरली लेक लता बारा वर्षांची होती. त्याच साली घर चालवायला ती चित्रपटात कामाला उभी राहिली. ज्या धंद्याने बापाला बुडवले, त्यानेच लेकीला जगभर नेले. चिंतामणरावांच्या ‘बहुरूपी’ या आत्मचरित्राला १९५८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

गुरुजी, आज तुमच्या शाळेतली मुले मोबाइलवर सिनेमा काढतात. काढू द्या. फक्त आधी एवढे विचारा : बाळांनो, आवाज कोण धरणार, चित्र कोण घेणार, आणि हिशेबाची वही कोणाकडे?