ज्ञानदान आणि मृत्युपत्र
(सुवर्णमहोत्सवानिमित्त सिंदी (मेघे) येथे दिलेले व्याख्यान)



आहारदान, औषधदान, ज्ञानदान व अभयदान ही चतुर्विध दाने आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. त्यांपैकी ज्ञानदानाच्या एका उपेक्षित मार्गाकडे आज मी आपले लक्ष वेधू इच्छितो. तो मार्ग म्हणजे मृत्युपत्राद्वारे विद्यापीठास देणगी.

आपल्या परिसरातील कित्येक पिढ्या नागपूर विद्यापीठाच्या पदव्या घेऊन बाहेर पडल्या. 1923 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठास कामठीचे दानशूर डी. लक्ष्मीनारायण यांनी 1930 च्या मृत्युपत्रान्वये सुमारे 35 लाख रुपयांची संपत्ती दिली. उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्राचे शिक्षण हे तिचे प्रयोजन होते. त्यातून 1942 मध्ये नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली आणि 2023 मध्ये तिचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. दात्यास ती वास्तू पाहावयास मिळाली नाही. त्याचा हेतू मात्र सफल झाला.

आपल्याच समाजातील शेठ प्रेमचंद रायचंद यांनी 1864 मध्ये, हयातीतच, मुंबई विद्यापीठास ग्रंथालय व मनोऱ्यासाठी एकूण 4 लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि त्यांची अफाट संपत्ती लयास गेली. परंतु 1878 मध्ये पूर्ण झालेला, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही उभा आहे. जे राखले ते गेले, जे दिले ते उरले!

यावर कोणी विचारील, "मुलाबाळांच्या हक्काचे काय?" प्रश्न रास्त आहे. पत्नीचा निर्वाह व अपत्यांचे भवितव्य यांची तरतूद प्रथम व्हावी. त्यांना उघड्यावर टाकून केलेले दान धर्मास मान्य होणार नाही. मात्र परिग्रह-परिमाण व्रत हयातीपुरतेच का असावे? आपल्या पश्चात किती संचय कोणाकडे राहावा, यालाही मर्यादा घालता येते. एक अपत्य अधिक आहे असे मानून त्याचा वाटा विद्यापीठास द्यावा, इतके सोपे हे गणित आहे.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. वारसाहक्काच्या बाबतीत जैनांना 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्राने स्वतःच्या मालकीचीच मालमत्ता किंवा स्वतःचा हिस्सा देता येतो. मृत्युपत्रावर स्वतःची व किमान दोन साक्षीदारांची स्वाक्षरी हवी. लाभार्थ्यास साक्षीदार करणे टाळावे. नोंदणी सक्तीची नाही, तरी पुढील वाद टाळण्यासाठी ती इष्ट होय. विद्यापीठाचे अधिकृत नाव, देणगीचे प्रयोजन आणि मूळ रक्कम अक्षय ठेवून केवळ व्याज खर्चावे काय, हे स्पष्ट लिहावे. ते प्रयोजन पुढे अशक्य झाल्यास काय करावे, हेही नमूद करावे. हयात असेपर्यंत मृत्युपत्र बदलता येते. म्हणून भय बाळगण्याचे कारण नाही.

आणखी एक विनंती. हा संकल्प मुलांपासून लपवू नये. पश्चात उघड झालेले दान त्यांना अन्याय वाटते आणि प्रकरण न्यायालयात जाते. समक्ष सांगितलेले दान कुळाचा अभिमान ठरते. रक्कम लहान असली तरी संकोच नको. एका गरजू विद्यार्थिनीचे वार्षिक शुल्क भरले जाईल एवढे व्याज देणारा निधीही ज्ञानदानच आहे.

दिवाळीत वहीपूजन करताना आपण जमाखर्च मांडतो. आयुष्याच्या वहीचे शेवटचे पान मात्र बहुधा कोरे राहते आणि ते इतरांना भरावे लागते. ते आपल्याच हाताने, शुद्ध भावाने भरावे, एवढेच नम्र निवेदन करून आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!