३९ अंकी खात्री



दोनचा १२७वा घात करा, त्यातून एक वजा करा. फळ्यावर लिहिली आहे ती संख्या येते: १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७. अंक ३९. ही मूळ संख्या आहे, हे एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञानं १८७६ साली संगणकाशिवाय सिद्ध केलं. मूळ संख्या म्हणजे काय, हे आपण शाळेत शिकलो आहोत. तिथं थांबत नाही. माझं म्हणणं एवढंच, की संख्येच्या लांबीनं दिपून जाऊ नका. ती मूळ आहे हे कशावरून, ते विचारा.

एकेक भाजक लावून पाहायचा तर २० अंकी संख्यांपर्यंत जावं लागेल. जन्म पुरायचा नाही. लुकाची वाट निराळी. तिचं आजचं सुटसुटीत रूप लेमर या गणितज्ञांनी १९३०च्या सुमारास दिलं. दोनचा पाचवा घात वजा एक, म्हणजे ३१ घ्या. चारपासून निघा. वर्ग करा, दोन वजा करा, ३१नं भागून बाकी ठेवा. चारचे १४. चौदाचे १९४, बाकी ८. आठचे ६२, बाकी शून्य! घात पाच, म्हणून पायऱ्या तीन. शेवटी शून्य आलं, ३१ मूळ ठरली. १२७व्या घाताला अशा पायऱ्या १२५.

आता कोलची गोष्ट सांगतोच. मर्सेन या गणितज्ञानं १६४४ साली दोनचा ६७वा घात वजा एक ही संख्या मूळ म्हणून नोंदवली होती. ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क, अमेरिकन गणितज्ञांची सभा. सांगतात, की फ्रँक नेल्सन कोल उठले, फळ्याच्या एका बाजूला घात करून एक वजा केला, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ मांडलं. दोन्ही उत्तरं एकच. एक शब्द न बोलता जागेवर बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. (टाळ्या) आपणही वाजवल्यात, छान! पण ही संख्या फुटते हे लुकानं २७ वर्षं आधीच, एकही भाजक हाती नसताना, सिद्ध केलं होतं. माझ्या टाळ्या त्याला.

मागून कुणीतरी विचारतंय, उपयोग काय? (हशा) हसू नका, प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये दोनचा १३,६२,७९,८४१वा घात वजा एक ही ४,१०,२४,३२० अंकांची संख्या मूळ ठरली. तिच्यावर शिक्कामोर्तब झालं ते याच वर्ग करा-दोन वजा करा कसोटीनं. यंत्रं बदलली, युक्तिवाद टिकला. याहून मोठा उपयोग मला ठाऊक नाही.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. आय.आय.टी. कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांचं मूळ संख्या ओळखण्याच्या कसोटीवरचं २००२चं काम राहूनच जातंय. एकच विनंती करतो. आज घरी गेल्यावर मुलांना शेजारी बसवा, कागद घ्या आणि सातव्या घातासाठी, म्हणजे १२७ या संख्येसाठी, पाच पायऱ्या करा. मी सांगितलं म्हणून मानू नका. शून्य स्वतः काढा.