चुकायचे ते इथेच

मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो आणि माझ्या टेबलाच्या खणात स्टेथोस्कोपशेजारी पत्त्यांचा एक कॅट असतो.

त्यामागे एक जुनी रात्र आहे. मी इंटर्न होतो. पावसाळ्यातल्या एका पहाटे, पोट दुखते म्हणून एक शेतमजूर आला. अंगावर सूज नाही, जखम नाही. मी गोळी देऊन त्याला घरी पाठवले. दोन तासांनी तो परत आला तेव्हा त्याच्या पापण्या मिटत होत्या, श्वास अडखळत होता. जमिनीवर झोपेत त्याला मण्यार चावली होती. वरिष्ठांनी वेळेवर कृत्रिम श्वास दिला म्हणून तो वाचला. गंमत म्हणजे मण्यारीची लक्षणे मला तोंडपाठ होती. परीक्षेत त्यावर गुणही मिळाले होते!

पुढे शिकवू लागलो, तेव्हा सर्पदंशासाठी प्रथम सापशिडीचाच पट केला. बरोबर उत्तराला शिडी, चुकीला साप. मुले रमली, पण जिंकला तो, ज्याचे फासे चांगले पडले. नशिबाला गुण देऊन डॉक्टर कसा घडणार? मग फासे काढले आणि पत्ते केले.

आता प्रत्येक पत्त्यावर एक रुग्ण असतो. चौघांचा गट, समोर घड्याळ. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत रक्त 20 मिनिटे न हलवता ठेवायचे. गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाचा संशय. मात्र मण्यारीच्या दंशात रक्त नेहमीसारखे गोठते. ‘रक्त गोठले, सूज नाही, घरी जा’ म्हणणारा गट इथेच फसतो. पुढचा पत्ता उलटला की रुग्णाचा श्वास थांबलेला असतो. वर्गात कोणी बोलत नाही.

खरे शिक्षण त्यानंतर होते. कोण काय समजून चुकले, यावर आम्ही अर्धा तास बोलतो. ही चर्चा नसेल तर उरते ती नुसती करमणूक. आणि पुस्तकाला खेळ हा पर्याय नव्हे. ज्याने वाचलेले नाही, त्याला पत्ते कळतच नाहीत.

मध्यंतरी एका इंटर्नचा रात्री फोन आला. “सर, पोटदुखीचा पेशंट आहे. जमिनीवर झोपला होता. पापण्या जड वाटताहेत. प्रतिविष सुरू केलंय, श्वासाची तयारीही ठेवलीय.” मला सांगण्यासारखे काही उरलेच नव्हते.

हरलेल्या डावाचे पत्ते पुन्हा पिसता येतात. रुग्णाच्या बाबतीत ती सोय नसते. म्हणून माझ्या मुलांनी चुकायचे ते माझ्या टेबलावरच चुकून घ्यावे, एवढीच इच्छा.