विमान कोणते निवडावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या थोर विषयावर बोलावे अशी आपली रीत आहे. चिटणीसबाईंनी मात्र मला बजावून सांगितले, "या खेपेस तुम्ही विमानावर बोला." मला आधी हसूच आले. मी काही वैमानिक नव्हे, की प्रवासाच्या कचेरीत कधी नोकरी केलेली नाही. परंतु आपल्यापैकी किती जणी मुलाबाळांकडे परदेशी जाऊन आल्या हे मोजू लागले, तेव्हा दोन्ही हातांची बोटे पुरेनात. हल्ली डोहाळजेवण इकडे आणि बाळंतपण तिकडे अशी घरोघरची स्थिती आहे. तेव्हा विषय लहान असला तरी आपल्या सर्वांच्या गरजेचा आहे.

८ जून १९४८ रोजी मुंबईहून 'मलबार प्रिन्सेस' नावाचे विमान कैरो आणि जिनिव्हा करीत लंडनला गेले. एअर इंडियाचे ते पहिले परदेशी उड्डाण. त्यात प्रवासी होते अवघे ३५. त्या काळी 'कोणत्या कंपनीने जावे?' हा प्रश्न सामान्य गृहिणीला पडण्याचे कारणच नव्हते. आज मुंबईहून अमेरिकेला जावयाचे म्हटले की एअर इंडिया, एमिरेट्स, कतार, एतिहाद, लुफ्तान्सा, ब्रिटिश एअरवेज, टर्किश अशी नावांची रांगच पुढे उभी राहते. साडीच्या दुकानात फार साड्या उलगडल्या म्हणजे जशी मती गुंग होते, तसे होऊन जाते. आणि मग आपण काय करतो? "तूच बघ बाबा काय ते," असे म्हणून मुलावर सोपवितो.

येथेच आपली पहिली चूक होते. तिकीट मुलगा काढतो. प्रवास आपण करतो. तो तिशीतला, इंग्रजी फाडफाड बोलणारा, पाठीवर एक पिशवी टाकून धावत सुटणारा. आपले गुडघे, आपली पथ्ये, आपला भिडस्तपणा त्या संगणकाच्या पडद्यावर कोठे दिसतो? त्याला दिसते ती किंमत.

माझीच हकीकत सांगते. २०१८ च्या जुलैत मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी एकटी निघाले. वय एकसष्ट. जावयांनी मोठ्या प्रेमाने शोधून स्वस्त बेत जमविला होता : वाटेतल्या एका शहरापर्यंत एका कंपनीचे विमान, आणि तेथून पुढे दुसऱ्या कंपनीचे. तिकिटे दोन निराळी. वाचले बावीस हजार रुपये. मध्ये चार तासांचे अंतर होते. मुंबईत पाऊस कोसळत होता, पहिले विमान तीन तास उशिरा सुटले. तिकिटे निराळी असल्याने बॅगा तेथे उतरवून घेऊन पुन्हा द्यावयाच्या होत्या. त्या घेऊन धापा टाकीत दुसऱ्या खिडकीपाशी पोहोचले तो खिडकी बंद. पहिली कंपनी म्हणाली, "आम्ही तुम्हांला येथपर्यंत आणावयाचे होते, ते आणले." दुसरी म्हणाली, "तुम्ही वेळेवर आला नाहीत, तुमचे तिकीट गेले." दोघांचेही म्हणणे कायद्याने बरोबरच होते, हे मला पुढे कळले. नवीन तिकिटाला पासष्ट हजार पडले, आणि तेही दुसऱ्या रात्रीचे. त्या रात्री विमानतळाच्या बाकावर बसून मी नातीचे पहिले रडणे फोनवर ऐकले. ज्या घटकेसाठी निघाले होते ती घटका चुकली. त्याची भरपाई कोणतीही कंपनी देत नाही.

म्हणून मी आता कंपनीचे नाव आधी विचारीत नाही. आधी काही प्रश्न विचारते, आणि त्यांच्या उत्तरांतून नाव आपोआप पुढे येते.

पहिला प्रश्न : तिकीट एक आहे की दोन? सारा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पहिले विमान उशिरा आले तरी पुढच्या विमानात जागा देण्याची जबाबदारी कंपनीवर राहते, आणि बहुधा बॅगाही परस्पर पुढे जातात. मात्र अमेरिकेत पहिल्यांदा उतरतो तेथे सीमाशुल्कासाठी बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात, हे लक्षात ठेवावे. दोन तिकिटांवर चार पैसे वाचतात खरे, पण सारा धोका आपल्या पदरात येतो.

दुसरा प्रश्न : नाव कोणाचे आणि विमान कोणाचे? कंपन्यांच्या आपसांत सोयरिकी असतात. १९९७ साली स्थापन झालेल्या स्टार अलायन्समध्ये लुफ्तान्सा, युनायटेड, टर्किश आहेत, २०१४ पासून एअर इंडियाही आहे. ब्रिटिश एअरवेज आणि कतार या वनवर्ल्ड नावाच्या दुसऱ्या गोतात आहेत. एमिरेट्स आणि एतिहाद या दोन्हींत नाहीत. त्यामुळे तिकिटावर एक नाव आणि प्रत्यक्ष विमान भलत्याचेच, असे होऊ शकते. लग्नपत्रिकेवर यजमान एक आणि स्वयंपाक दुसऱ्याचा, त्यातलाच प्रकार. जेवण, खुर्ची, चाकाची खुर्ची यांविषयी विचारावयाचे ते ज्याचे विमान त्याला.

तिसरा प्रश्न : मध्ये उतरावयाचे कोठे? हा प्रश्न आपल्या गुडघ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. न्यूयॉर्कचेच उदाहरण घेऊ. दुबई, दोहा किंवा अबुधाबीमार्गे गेल्यास पहिला टप्पा सुमारे तीन तासांचा आणि दुसरा तब्बल चौदा तासांचा पडतो. फ्रँकफुर्ट वा लंडनमार्गे गेल्यास नऊ-दहा तास आणि मग आठ-नऊ तास, म्हणजे प्रवासाची जवळजवळ निम्मानिम्म वाटणी. थेट विमान मिळाले तर एका बैठकीत सुमारे सोळा तास. ज्यांना फार वेळ बसवत नाही त्यांना युरोपचा रस्ता बरा. ज्यांना अनोळखी विमानतळावर बदलाबदलीची धास्ती वाटते त्यांना थेट विमान बरे. आखाती रस्त्याने जाणाऱ्यांनी ध्यानात धरावे की तीन तासांनंतरची विश्रांती ही खरी विश्रांती नव्हे. लांब पल्ला पुढेच उभा असतो. मात्र त्या रस्त्याचे दोन गुण सांगितलेच पाहिजेत. विमानतळाबाहेर न पडता विमान बदलणाऱ्याला तेथे व्हिसा लागत नाही. युरोपात हे नियम देशोदेशी निराळे आणि बदलते असतात, म्हणून विचारूनच तिकीट घ्यावे. शिवाय २०१४ पासून अबुधाबीलाच अमेरिकेच्या प्रवेशाची तपासणी उरकण्याची सोय झाली, त्यामुळे पलीकडे शिणून उतरल्यावर त्या रांगेत ताटकळावे लागत नाही.

थांबा किती वेळाचा असावा? तरुणांना दीड तास पुरतो. आपल्याला अडीच ते चार तास हवेत. त्याहून कमी म्हणजे जिवाची धडपड, आणि आठ-दहा तास म्हणजे विनाकारण वनवास.

चौथा प्रश्न : खुर्ची कशी आहे? साध्या वर्गात पुढच्या आणि मागच्या खुर्चीतील अंतर बहुतेक कंपन्यांत ३१-३२ इंचच असते. जाहिरातीत हसणारी बाई पाय लांब करून बसलेली दिसते ती वरच्या वर्गातली. फरक पडतो तो विमानाच्या जातीमुळे. बोइंग ७७७ मध्ये हल्ली बहुतेक कंपन्या एका ओळीत दहा जणांना बसवितात. खुर्ची साधारण सतरा इंच रुंद. एअरबस ३५० मध्ये बहुधा नऊ जण आणि खुर्ची अठरा इंचांची. एक इंच म्हणजे काय, असे बसण्यापूर्वी वाटते, चौदा तासांनी वाटत नाही. आणखी एक गोष्ट. एअरबस ३५० आणि बोइंग ७८७ या विमानांत आतील हवेचा दाब सुमारे ६००० फूट उंचीच्या डोंगरावर असावा तसा ठेवतात; जुन्या घडणीच्या विमानांत तो ८००० फुटांपर्यंतचा असू शकतो. दम्याच्या वा हृदयविकाराच्या भगिनींनी हे डॉक्टरांच्या कानावर घालून मग निघावे. एअर इंडियाने आपल्या जुन्या मोठ्या विमानांच्या अंतर्भागाचे नूतनीकरण २०२२ साली जाहीर केले. तेव्हा आपल्या वाट्याला येणारे विमान नवे, जुने की दुरुस्त केलेले, हे अवश्य विचारावे.

पाचवा प्रश्न जेवणाचा. येथे नावावरून फसगत होते. 'हिंदू मील' म्हटले की आपल्याला वाटते, झाले, शाकाहारी. तसे नव्हे! त्यात मांसाहार असतो, फक्त गोमांस आणि डुकराचे मांस नसते. आपल्याला हवे ते 'एशियन व्हेजिटेरियन'. कांदा-लसूण नको असेल तर 'जैन मील'. हे निदान चोवीस तास आधी नोंदवावे लागते, ऐन वेळी मागून मिळत नाही. आणि तरीही पर्समध्ये खाकऱ्याची एक पुडी असू द्यावी.

सहावा प्रश्न : त्या किमतीत काय काय येते? अमेरिकेच्या वाटेवर पूर्वी सरसकट २३ किलोच्या दोन बॅगा मिळत. आता अगदी स्वस्त तिकिटात कधी एकच मिळते. खुर्ची आधी निवडण्याचे पैसे वेगळे, तारीख बदलण्याचा दंड वेगळा. बाळंतपण काही तिथी पाहून होत नाही, म्हणून तारीख बदलता येणारे तिकीट दोन पैसे जास्त देऊनही घ्यावे. लोणचे-मेतकूट मोठ्या बॅगेत जाऊ द्या, पण औषधे, चष्मा आणि सुनेच्या हातचा पत्ता-फोन लिहिलेला कागद हातातल्या पिशवीतच हवा. बॅग मोडली तर सात दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. तोंडी सांगून भागत नाही.

सातवा प्रश्न आपल्या हातातला नाही, तरी विचारावा : रस्ता मोकळा आहे ना? एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा एअर इंडियाच्या अमेरिकेच्या काही विमानांना लांबचा वळसा घेऊन युरोपात इंधनासाठी उतरावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये कतारचे आकाश काही तास बंद झाले आणि दोह्याची विमाने भलतीकडे वळली. थेट विमान दर वेळी थेट राहतेच असे नाही आणि मोठा विमानतळ दर वेळी उघडा असतोच असे नाही. तिकीट काढताना एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा चौकशी करावी.

मघाशी एका भगिनीने हळूच विचारले, "सुरक्षित कंपनी कोणती?" १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान कोसळले, त्या दिवसापासून हा प्रश्न अनेकींच्या मनात आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मी तज्ज्ञ नव्हे. एवढे मात्र सांगते की, आज मी ज्या कंपन्यांची नावे घेतली त्या सर्व आयाटा या जागतिक संघटनेच्या सभासद आहेत, आणि सभासदत्वासाठी सुरक्षिततेची ठरावीक तपासणी पुनःपुन्हा द्यावी लागते. भीतीपोटी एक नाव खोडून दुसरे घालताना वाटेत दोन तिकिटांचा आणि तासाभराच्या थांब्याचा प्रवास पत्करू नये, इतकेच माझे सांगणे आहे.

"मग शेवटी कोणती?" असे आपण विचाराल. सत्तरी ओलांडलेली, इंग्रजीची सवय नसलेली बाई एकटी निघाली असेल, तर मी थेट विमान सुचवीन. त्या दिवसांत चालू असेल तर एअर इंडियाचे. निदान पाणी मागताना तरी हिंदी चालते. पाय सुजत असतील तर युरोपच्या रस्त्याची लुफ्तान्सा किंवा ब्रिटिश एअरवेज. दोघे सोबत असाल, प्रकृती धड असेल आणि खर्चाकडे पाहावे लागत असेल, तर आखाती कंपन्यांपैकी ज्या एकाच तिकिटावर बरा थांबा देतील ती. चालण्याचा खरोखर त्रास असेल तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच नोंदवावी. त्यात लाज कसली? आणि त्रास नसेल तर मात्र घेऊ नये. आपण बसलो म्हणजे दुसरी एखादी थांबून राहते.

पुढे २०२३ मध्ये मी पुन्हा गेले. मुलीने पुन्हा स्वस्त तिकीट दाखविले. मी म्हटले, "बयो, वरचे पंधरा हजार माझ्या पेन्शनीतले घाल, पण तिकीट एकच असू दे, आणि थांबा तीन तासांचा." ती थोडी रागावली. पण विमानतळाच्या दारात पाच वर्षांची नात धावत आली, तेव्हा मी वेळेवर उभी होते.

आता मंडळापुढे एक सूचना मांडते. आपल्यापैकी जी कोणी परदेशाहून परत येईल तिने एका वहीत चार ओळी लिहाव्यात : कोणत्या महिन्यात गेली, कोणत्या रस्त्याने, विमान कोणाचे, थांबा किती, जेवण कसे, आणि अडचण आली तेव्हा कंपनीची माणसे कशी वागली. खाली तारीख घालावी, कारण या गोष्टी वर्षावर्षाला पालटतात. वही मी आणली आहे, पहिले पान माझे लिहून झाले आहे. ती ग्रंथालयाच्या कपाटात पाकशास्त्राच्या पुस्तकांशेजारी ठेवावी, आणि किल्ली नेहमीप्रमाणे चिटणीसबाईंकडे राहावी.