भोकातून निघालेला सुरवंट



पंचिंग मशीननं आपण काय करतो?
कागदाला भोकं पाडतो आणि फाइलला लावतो.

चित्रकार एरिक कार्ल यांनीही अशीच भोकं पाडली…
आणि त्यांना दिसला एक किडा.
पुस्तक कुरतडणारा किडा!

संपादिकाबाईंना किडा काही रुचेना.
त्यांनी सुचवलं, सुरवंट चालेल?
कार्ल लगेच म्हणाले, मग फुलपाखरू!

१९६९ साली अमेरिकेत त्या सुरवंटाचं चित्रपुस्तक आलं.
पानापानांत खरीखुरी भोकं.
लहानग्यांनी बोट घालावं, अशी.
छपाई मात्र जपानमध्ये झाली.
अमेरिकेत ती परवडेना.

कार्ल यांचं बालपण हिटलरच्या जर्मनीत गेलं.
तिथं आधुनिक चित्रांवर बंदी होती.
चित्रकलेच्या एका शिक्षकांनी ती त्यांना गुपचूप दाखवली.
केवढी जोखीम, नाही का?

पुढे कार्ल पातळ कागद आधी रंगवत.
मग कापत… आणि चिकटवत.
म्हणजे, श्रोतेहो, तो सुरवंट थेट रेखाटलेला नाही.
तो रंगवलेल्या कागदाच्या तुकड्यांचा आहे.

घरात जुना पातळ कागद असेल, तर मुलांपुढे ठेवा.
रंग द्या… कात्री द्या.
आणि हो, पंचिंग मशीनही.