एका व्हॉलीबॉल प्रशिक्षिकेची गोष्ट
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘माझा करिअरचा प्रवास’ असा विषय दिला होता. त्यात सांगण्यासारखं फार नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये गेले, अजून तिथेच आहे. म्हणून मी दुसऱ्याच एका बाईचं करिअर सांगते. मधल्या सुट्टीत नेटऐवजी दोरी बांधून व्हॉलीबॉल खेळलेल्यांना ते नक्की आवडेल.

तिचं नाव केटी शूमाकर-कॉली. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या महिला संघाची ती मुख्य प्रशिक्षक आहे. 22 डिसेंबर 2024 ला तिच्या संघानं लुइव्हिल विद्यापीठाला त्यांच्याच शहरात 3-1 असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तिकडच्या विद्यापीठांची ही महिलांची स्पर्धा 1981 पासून चालू आहे. खेळाडू सगळ्या मुली. पण ती जिंकणाऱ्या संघाची मुख्य प्रशिक्षक बाई असावी, असं 2024 पर्यंत एकदाही झालं नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मी आकडा दोनदा तपासला. सवय आहे, आमचा धंदाच तो.

बायकांना जमत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. फ्लोरिडा विद्यापीठाच्या मेरी वाइज यांनी हजारावर सामने जिंकले, 2003 आणि 2017 ला अंतिम सामन्यापर्यंत संघ नेला आणि दोन्ही वेळा हरल्या. खरं कारण जरा मागे आहे. 1972 मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा आला आणि विद्यापीठांना मुलींच्या खेळावरही पैसा खर्च करावा लागला. त्याआधी मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून जास्त बायका होत्या. काम जवळजवळ फुकटचं होतं ना! पगार आला, मान आला आणि ते प्रमाण घसरत निम्म्याच्या खाली गेलं. माझ्या क्षेत्रातल्या मैत्रिणी इथे हसताहेत, कारण प्रोग्रामिंगचंही थोडंफार असंच झालं. सुरुवातीला ते कारकुनी काम समजत, तेव्हा त्यात बायका भरपूर होत्या.

केटी साधारण आपल्याच वयाची. 1998 ला आपली बॅच बारावीच्या क्लासेसना धावत होती, तेव्हा ती शिकागोहून पेन स्टेटला खेळायला आली. तिथले प्रशिक्षक रस रोझ हे दंतकथाच म्हणा. 1979 ते 2021 एकाच विद्यापीठात, सात राष्ट्रीय विजेतेपदं आणि मधे एकदा सलग 109 सामन्यांत हार नाही. सातांपैकी पहिलं 1999 चं, आणि त्या संघात केटी होती.

पुढे 2009 पासून ती शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठाची मुख्य प्रशिक्षक होती. तो संघ काही बड्यांतला नव्हता. 2017 मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ पेन्सिल्व्हेनियात गेली. (हे वेगळं आणि पेन स्टेट वेगळं. नावावरून माझाही गोंधळ होतो.) आणि 2018 ला तिनं जे केलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुख्य प्रशिक्षकाची जागा सोडून ती जुन्या गुरूंच्या हाताखाली सहायक म्हणून परतली. आपल्याकडे याला ‘खाली आली’ म्हणतात. घरचे विचारतात, ‘अगं, काही बिनसलं का?’ ती तिथे चार मोसम राहिली. रोझ निवृत्त झाल्यावर 2022 च्या जानेवारीत संघ तिच्या हाती आला.

रोझ यांच्यानंतर त्या जागेवर बसणं म्हणजे रोज तुलना. त्यातच 2024 चा मोसम सुरू झाल्यावर, सप्टेंबरमध्ये, तिला स्तनाचा कॅन्सर असल्याचं निदान झालं. दुसरा टप्पा. घरी तीन मुली. केमोथेरपी चालू असताना ती संघासोबत राहिली, केस गेलेल्या डोक्यानं कोर्टाच्या कडेला उभी राहिली. याचं फार कौतुक करायला मला जरा भीती वाटते. आजारपणात रजा घेणाऱ्या बाईला उद्या कुणी हेच उदाहरण ऐकवेल. तिनं तिला झेपलं ते केलं, एवढंच म्हणूया.

उपांत्य सामना मात्र सांगायलाच हवा. समोर नेब्रास्का. पहिले दोन सेट गेलेले, चौथ्यात 16-22 अशी पिछाडी. व्हॉलीबॉल कळणाऱ्यांनी टीव्ही बंद करावा, अशी वेळ. तिथून तो सेट जिंकला आणि पाचवाही काढला. अंतिम सामन्यात लुइव्हिलच्या प्रशिक्षकही एक बाईच होत्या, डॅनी बसबूम केली. म्हणजे त्या दिवशी कोणीही जिंकलं असतं, तरी 1981 पासूनचा तो रकाना भरणारच होता.

आता आपल्या शाळेबद्दल थोडं. आज जमलेल्या निधीतून मैदान सपाट करायचं आणि नवं नेट घ्यायचं ठरतंय. जरूर घ्या. पण त्यातला काही भाग मुलींच्या संघासाठी प्रशिक्षिकेच्या मानधनाला ठेवा, अशी माझी विनंती आहे. आपल्या नंतरच्या बॅचमध्ये जिल्हा पातळीवर खेळलेल्या मुली आहेत आणि त्यांतल्या काही याच गावात राहतात. त्यांना ‘संध्याकाळी जरा येत जा’ असं फुकट बोलवू नका. महिन्याचा आकडा ठरवून, पत्र देऊन बोलवा. पहिल्या वर्षाचं मानधन आमच्या बॅचच्या मुली देतील. मी येतानाच गाडीत सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय.